थेंब, तपासणी आणि सव्वा महिना
(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक भाषण)



गणपतीपुढे बोलायला हा विषय जरा रुक्ष वाटेल. पण ज्या घरी सातव्या-आठव्या महिन्यात बाळ जन्मले आहे, त्या घराला तो तसा वाटणार नाही.

अशी बाळे आता वाचतात. काचेच्या पेटीत काही आठवडे काढून जेमतेम दीड-पावणेदोन किलोची होतात, घरी येतात, पेढे वाटले जातात. सुट्टीच्या कागदावर मात्र एक ओळ असते: डोळ्यांची तपासणी. घरातले म्हणतात, डोळे तर छान टपोरे आहेत, कशाला? बाहेरून काहीच दिसत नाही, हीच तर अडचण. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नवव्या महिन्यापर्यंत वाढत असतात. बाळ आधीच बाहेर आले की ती वाढ अडते, मग कधीकधी वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या फुटतात, त्या पडदा ओढतात आणि तो सुटतो. १९४२ साली बॉस्टनच्या डॉ. टेरी यांनी या आजाराचे पहिले वर्णन केले. पेटीतला जास्तीचा प्राणवायू त्याला कारण होतो, हे पुढे दहा-बारा वर्षांनी कळले.

आपल्या देशातला नियम असा: वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी, किंवा जन्म ३४ आठवड्यांच्या आत, तर ३० दिवसांच्या आत पहिली तपासणी. १२०० ग्रॅमपेक्षा कमी किंवा २८ आठवड्यांच्या आतले बाळ असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. आणि आपल्याकडे बाळ-बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाहीत! हिशेब तुम्हीच करा.

आता थेंबांकडे वळू, कारण लोक घाबरतात ते इथेच. आतला पडदा बघायला बाहुली मोठी करावी लागते. त्यासाठी ट्रॉपिकामाइड आणि फेनिलेफ्रिन ही औषधे बहुधा एकत्र, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन-तीनदा घालतात. मोठ्यांसाठी मिळणाऱ्या बाटलीत फेनिलेफ्रिन ५ टक्के असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते २.५ टक्क्यांहून जास्त नको, म्हणून औषध निम्म्याने पातळ करतात. हे काम रुग्णालयाचेच, घरी बाटली आणून कोणी करू नये.

एवढी काळजी कशाला? ६० किलोच्या माणसात आणि १२०० ग्रॅमच्या बाळात ५० पटींचा फरक, पण बाटलीतून थेंब पडतो तेवढाच. चिमुकल्या डोळ्यात तो मावत नाही. काही गालावर ओघळतो, काही अश्रूंच्या नळीतून नाकात-घशात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. मग नाडी जलद किंवा मंद होते, रक्तदाब चढतो, आतडे सुस्तावून पोट फुगते, दूध पचत नाही. अगदी नाजूक बाळाचा श्वास क्षणभर अडकू शकतो. त्यामुळे अशा बाळाला तपासताना नाडी आणि प्राणवायू मोजणारे यंत्र लावलेले असावे. चांगली परिचारिका थेंब छोटा टाकते, ओघळलेला लगेच टिपते, डोळ्याचा नाकाकडचा कोपरा हलकेच दाबून धरते. साधीच गोष्ट, पण औषध कमी उतरते.

शिवाय तपासणीही सुखाची नाही. पापण्या चिमट्याने उघडून धरतात, बाळ टाहो फोडते. पोट भरलेले असेल तर उलटी छातीत जाण्याची भीती, म्हणून आधी तासभर दूध देत नाहीत. दुपट्यात घट्ट गुंडाळून जिभेवर साखरपाण्याचे किंवा आईच्या दुधाचे थेंब दिले की वेदना जरा सोसवते. ‘हे देणार ना?’ असे विचारायला आईने संकोच करू नये.

आम्हांला खरी काळजी वाटते ती नंतरच्या तासांची. इंदूर इथून सुमारे ४० किलोमीटर. तपासणी झाली की लोक पुढची बस गाठायला धावतात. वाटेत बाळाच्या डोळ्यांभोवती पांढरट कडे दिसते, बाहुल्या काळ्याभोर, उजेड सोसत नाही. घरी आल्यावर मीठमोहऱ्या उतरवल्या जातात. जरूर उतरवा, त्याला आमचा विरोध नाही. पण ते कडे औषधाने कातडीतल्या वाहिन्या आकसल्याचे असते, काही तासांत जाते. टोपडे कपाळावर ओढा, काजळ घालू नका. पोट फुगले, हिरवी उलटी झाली, बाळ दूध ओढेना, निळसर किंवा मलूल झाले, श्वास थांबत आहे असे वाटले, तर सकाळची वाट न पाहता परत न्या. निदान दोन-तीन तास रुग्णालयाच्या आवारात थांबून, एकदा दूध पचलेले पाहून निघालात तर बरे.

दोन अनुभव ऐकून काही घरे दुसऱ्या तपासणीला जातच नाहीत. एका तपासणीने भागत नाही. वाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत आठवड्या-दोन आठवड्यांनी बोलावतात, आणि आजार बळावला तर लेसर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांत करावे लागते. थेंबांचा त्रास बहुतेकदा काही तासांचा असतो, सुटलेला पडदा मात्र पुन्हा नीट बसणे फार कठीण. चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये जन्मलेल्या मुलीची ही तपासणी झालीच नाही, ती आंधळी झाली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई दिली, तेव्हा मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची होती.

तेव्हा सुट्टीच्या कागदावर तारीख नसेल तर तिथल्या तिथे लिहून घ्या. मागच्या खेपेला थेंबांनी काय झाले, दूध केव्हा पचले, हेही त्याच कागदावर टिपा आणि पुढच्या डॉक्टरांना दाखवा.