बाद झालेल्यांनी कुठे जायचं?

(उन्हाळी व्याख्यानमालेत 'सुट्टीतल्या संमेलनांतले सामूहिक खेळ आणि त्यांचं नियोजन' या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



काल याच व्यासपीठावर न्यायव्यवस्थेवर व्याख्यान झालं. उद्या पाणीप्रश्नावर आहे. या दोन्हींच्या मध्ये खेळांचं नियोजन पाहून एका ज्येष्ठ श्रोत्यांनी मला दारातच गाठलं आणि विचारलं, "मग परवा काय, भेळेवर ठेवलंय?" (हशा) ठेवलं तर मी पहिल्या रांगेत बसेन. पण माझा विषय हलका आहे असं मला वाटत नाही. दिवाळीत, मे महिन्यात, कोजागरीला आपल्याकडे पंचवीस-तीस माणसं एकत्र येतात. बासुंदी किती लागेल याचा हिशेब पंधरा दिवस आधी होतो. गाद्या कोणाकडून आणायच्या, हेही ठरतं. खेळांचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "बघू आयत्या वेळी." आणि आयत्या वेळी कोणीतरी टाळी वाजवून म्हणतं, "चला, संगीत खुर्ची!"

माझं भांडण तिथूनच सुरू होतं.

जरा आकडेमोड करू. वीस माणसं, एकोणीस खुर्च्या. दर फेरीला एक जण बाद, एक खुर्ची कमी. म्हणजे एकूण १९ फेऱ्या. गाणं, पळापळ, "मी आधी बसलो होतो" हा वाद, खुर्च्या पुन्हा नीट लावणं, असं सगळं धरून फेरीला दीड मिनिट धरा. साधारण अर्धा तास जातो. या अर्ध्या तासात जो पहिल्याच फेरीत बाद झाला, तो दीड मिनिट खेळला आणि उरलेल्या १८ फेऱ्या त्याने भिंतीला टेकून पाहिल्या. वीस जण सगळ्या १९ फेऱ्या खेळले असते, तर हिशेब झाला असता ३८०. प्रत्यक्षात बेरीज भरते २०९. म्हणजे पंचेचाळीस टक्के खेळ आपण माणसांना बसवून ठेवण्यात घालवतो. आणि याला आपण म्हणतो सामूहिक खेळ!

शिवाय पहिल्यांदा बाद कोण होतं, तेही बघा. ज्याचे गुडघे दुखतात तो. जी नवीन सून अजून कोणाला धक्का द्यायला लाजते ती. पाच वर्षांचं पोर. ज्यांना आपण खेळात ओढायला हवं, नेमके तेच आधी बाहेर.

आणि बाहेर पडलेली माणसं जातात कुठे? मी हे बरीच वर्षं न्याहाळत आलो आहे. तीन जागा ठरलेल्या आहेत. पुरुष गच्चीच्या कठड्याशी जातात आणि राजकारण काढतात. मुलं मोबाईल काढतात. बायका स्वयंपाकघरात जातात. आमच्याकडे एका भाऊबिजेला माझी आत्या पहिल्याच फेरीत बाद झाली. खेळ संपून विजेत्याचे फोटो निघेपर्यंत तिच्या पुऱ्या तळून झाल्या होत्या. सगळ्यांनी कौतुक केलं, "आत्या, किती पटकन उरकलंत!" उरकणार नाही तर काय करणार? तिला दुसरं काम आम्ही ठेवलंच नव्हतं. (हशा)

मागून कोणीतरी काही म्हणतंय... काय? "खुर्चीसाठी भांडण्याचा सराव नको का?" (हशा, टाळ्या) तो सराव देणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत, आणि त्यांचे वर्ग बाराही महिने चालू असतात.

आता माझा मुद्दा सांगतो. मी येताना एकच घेऊन आलोय, आणि तो कबड्डीतून उचललाय. कबड्डी आपल्या घरची आहे. हुतुतूपासूनचा तिचा इतिहास इथे सांगायची गरज नाही. पण तिच्या जुन्या प्रकारांची नावं आठवून बघा: गामिनी, संजीवनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला खेळाडू अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी आत येतो. आजची कबड्डी चालते ती याच रीतीने. आणि अमर प्रकारात बाद झालेला मैदान सोडतच नाही. समोरच्याला गुण मिळतो आणि हा खेळत राहतो. माझं म्हणणं असं, की घरात, सोसायटीत, मंडळात खेळायच्या प्रत्येक खेळाला आधी हा एक प्रश्न विचारा: हा गामिनी आहे, संजीवनी आहे, की अमर? उत्तर गामिनी आलं, तर तो खेळ शाळेच्या क्रीडादिनाला ठेवा. सुट्टीच्या मेळाव्यात नको.

या चाळणीतून आपले नेहमीचे खेळ घालून बघू.

गाण्याच्या भेंड्या. अस्सल अमर. गाणं सुचलं नाही तर भेंडी चढते, पण सतरंजीवरून उठवत कोणी नाही. दोष एकच: दोन्हीकडे दोन-दोन गाणारे, आणि बाकीचे टाळ्या वाजवणारे. उपाय सोपा आहे. गाणं कोणी सुचवायचं ते मोकळं, पण सुरू कोणी करायचं त्याची पाळी लावा. ज्याला सूर नाही त्यालाही पाळी. आणि 'ळ' आल्यावर काय करायचं, हे खेळ सुरू होण्याआधी ठरवा. मी 'ळ'वरून भावांमधली बोलचाल बंद झालेली पाहिली आहे. (हशा)

हाऊजी. तिकिटावर तीन ओळी, नऊ रकाने, पंधरा आकडे. एक ते नव्वदमधला कोणताही आकडा येतो. जल्दी पाच गेलं, पहिली ओळ गेली, तरी शेवटपर्यंत फुल हाऊसची आशा असते. बाद कोणीच नाही. माणसं कितीही असली तरी चालतं, आजोबांना जागचं उठावं लागत नाही. पण माझी एक तक्रार आहे. सगळ्यांच्या माना खाली, पेन हातात, जणू दहावीची परीक्षा. कोणी कोणाशी बोलत नाही. म्हणून आमच्याकडे नियम असा: दोघांत एक तिकीट, आणि त्या दोघांच्या वयात वीस वर्षांचं तरी अंतर हवं. आजीला आकडा ऐकू येत नाही आणि नातीला तो सापडत नाही, मग दोघींना एकमेकींशी बोलावंच लागतं.

दमशेराज. आठ-दहा जणांत उत्तम. त्यापुढे गेलं की अभिनय करणारा एक आणि जांभया देणारे बारा. तीस माणसं असतील तर तीन कोपरे करा.

इंग्रजांच्या नाताळच्या मेजवान्यांतही हा विचार दिसतो. डिकन्सची १८४३ सालची 'अ ख्रिसमस कॅरल' आपल्याला ठाऊक आहेच, कथा सांगत बसत नाही. तिच्यात स्क्रूज नावाच्या कंजूष म्हाताऱ्याचा भाचा फ्रेड याच्या घरी आंधळी कोशिंबीर चालते आणि तारणाचा खेळही चालतो. हरलेल्याने आपली एखादी वस्तू तारण ठेवायची आणि काहीतरी गंमत करून ती सोडवून घ्यायची. म्हणजे हरला तो बाहेर राहिला नाही. उलट मधोमध आला. ही झाली संजीवनी. आणि स्क्रूज काय करतो? तो नाताळ दाखवायला आलेल्या भुताबरोबर अदृश्य होऊन हे बघतोय. त्याचा आवाज कोणाला ऐकू जात नाही हे विसरून तो कोड्यांची उत्तरं मोठमोठ्याने ओरडतो, आणि अजून अर्धा तास थांबू द्या म्हणून विनवतो. आयुष्यभर माणसांपासून लांब राहिलेला तो कंजूष म्हातारा खेळापाशी विरघळतो. डिकन्सला हे कळलं होतं. आपल्या सांस्कृतिक समित्यांना अजून कळायचंय. (हशा) अध्यक्षांकडे बघून बोललो नाही. बोललो असेन तर सहज.

आपल्याकडच्या बायकांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. मंगळागौरीच्या सगळ्या खेळांची नावं घेत नाही, अर्ध्या सभागृहाने ते खेळलेले आहेत. फक्त एवढंच आठवा, की झिम्म्यातून, पिंग्यातून, फुगडीतून बाद कोण होतं? दमली ती बसते, बसलेली उठते, खेळ चालू राहतो. आणि भोंडल्यात तर पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायचा, त्यात हरायला जागाच नाही.

भोंडल्याचा विषय निघालाच आहे, तर खिरापतीबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. गाणी संपली की झाकलेला डबा मध्ये येतो आणि आत काय आहे ते ओळखायचं. गोड की तिखट? तळलेलं की उकडलेलं? डबा वाजवून दाखवा! आमच्या वाड्यात एक काकू होत्या. त्यांची खिरापत ओळखली गेली, की त्यांना ते वर्ष वाया गेल्यासारखं वाटायचं. एका नवरात्रात त्यांनी डबा वाजवला तर खणखण आवाज आला. पोरींनी शंकरपाळे म्हटलं, शेंगदाण्याचे लाडू म्हटलं, कडबोळी म्हटलं. नाही, नाही, नाही. गोड? नाही. तळलेलं? नाही. तळलेलं नाही आणि खणखण वाजतं! कोणीतरी सुपारी म्हणालं. एका चिमुरडीने रडवेल्या आवाजात "चमचे?" असं विचारलं, आणि काकूंचा चेहरा जरासा हलला. कारण डब्यात खरोखरच दोन चमचे टाकलेले होते, फक्त आवाजासाठी. पण खिरापत काय? अंधार पडायला आला. भाज्या संपल्या, फराळाचे पदार्थ संपले, आता पोरी औषधांची नावं घेणार अशी वेळ आली. तेवढ्यात ओट्यावर पेपर वाचत बसलेले एक आजोबा, ज्यांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता, ते पान उलटता उलटता म्हणाले, "वाटली डाळ." काकू उडाल्याच. "तुम्हांला कोणी सांगितलं?" आजोबा म्हणाले, "दुपारभर तुमच्या पाट्यावर काय चाललं होतं मग? मला झोप लागली नाही." (प्रचंड हशा)

आता यातली योजना बघा. चुकलेलं उत्तर देणारी पोर बाद होत नाही. उलट तिची चूक पुढच्या मुलीच्या उपयोगी पडते. तीन वर्षांची आणि तेरा वर्षांची एकाच रांगेत. आणि फेरात नसलेला, ओट्यावरचा म्हातारासुद्धा वाटेल तेव्हा आत शिरू शकतो. वर शेवटी खायला सगळ्यांनाच मिळतं. जिंकला त्यालाच डाळ, असं...

काय? वेळ झाली? दहा मिनिटं? पाच! (हशा) अहो, नियोजनावर तर मी अजून आलोच नाही. घाईने सांगतो, ज्यांना हवं त्यांनी लिहून घ्या.

एक, आपल्याकडे सातचं बोलावणं म्हणजे पावणेआठपर्यंत लोक येतच राहतात. तेव्हा पहिला खेळ असा घ्या, की ज्यात कधीही शिरता येईल. बरणीतले चिंचोके किती ते ओळखा. किंवा पाठीला एखाद्या प्रसिद्ध माणसाच्या नावाची चिठ्ठी लावा, आणि लोकांना प्रश्न विचारून आपण कोण ते शोधा. दोन, गट पाडताना बायका विरुद्ध पुरुष नको, माहेर विरुद्ध सासर तर मुळीच नको. जन्ममहिन्यावर पाडा, कोणी रुसणार नाही. तीन, ज्या खेळाचे नियम तीन वाक्यांत सांगता येत नाहीत, तो खेळ घेऊ नका. चार, धावपळीचे खेळ जेवणाआधी, बसून खेळायचे जेवणानंतर. उलट केलंत तर परिणामांना मी जबाबदार नाही. पाच, खेळ पंधरा-वीस मिनिटांत थांबवा, "अजून एकदा" असं पोरं ओरडत असतानाच. सहा, बक्षीस वाटून खाता येईल असं ठेवा. टीव्हीवर पैठणीचं बक्षीस देणारा 'होम मिनिस्टर' हा कार्यक्रम २००४ साली सुरू झाल्यापासून गल्लोगल्ली पैठणीचे खेळ आले. पैठणी सुंदरच असते, पण ती एकीलाच मिळते आणि उरलेल्या जणी घरी जाताना परीक्षकाबद्दल बोलतात.

एक चिठ्ठी आली आहे. "समारोपाच्या दिवशीच्या पत्रिकेत संगीत खुर्ची छापून झाली आहे. आपलं काय म्हणणं? आपला, कार्यवाह." (हशा, टाळ्या) माझं म्हणणं असं, की पत्रिका बदलू नका, रीत बदला. कॅनडाचे टेरी ऑर्लिक यांनी १९७८ साली सहकारी खेळांवर पुस्तक लिहिलं. त्या पद्धतीच्या संगीत खुर्चीत दर फेरीला खुर्ची कमी होते, माणूस नाही. गाणं थांबलं की उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मिळून मावायचं. शेवटी एका खुर्चीवर वीस माणसं कशी बसवायची, हाच खेळ. मात्र मांडववाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या वापरू नका, त्याला मी पैसे देणार नाही. चटया घ्या, आणि दर फेरीला एक गुंडाळा.

आणि जुन्याच रीतीने खेळायचं असेल, तर निदान एक करा. पहिला बाद होईल त्याच्या हातात गाणं चालू-बंद करायचं बटण द्या. दुसरा बाद होईल तो पंच, तिसरा खुर्च्या काढणारा, आणि पुढे प्रत्येक नवा बाद बटण घेईल, जुना त्याला शिकवेल. मग बघा, स्वयंपाकघरात कोणी जातं का. कार्यवाह मान डोलावताहेत. ती मान्यता समजायची की मी थांबावं असा इशारा, ते समारोपाच्या दिवशी कळेलच. मी बटण धरायला येतोय. (टाळ्या)