इंधनातील भेसळीचा भुर्दंड कोणी सोसावयाचा?

(यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



पावसाळ्याच्या दिवसांत वणी, दारव्हा, पुसद, कोठल्याही गावच्या गॅरेजात घटकाभर बसावे. पंपावरून पेट्रोल भरून निघालेला ऑटो कोसभरावर बंद पडला, ऐन पेरणीत ट्रॅक्टर झटके देऊ लागला, अशी गाऱ्हाणी कानी येतील. मिस्त्री टाकी उपसतो, तळाशी पाणी निघते. मालक नशिबाला बोल लावतो आणि उसनवारी करून दुरुस्तीचे पैसे मोजतो. ज्याने तेल विकले त्याला कोणी जाब विचारीत नाही. हा प्रश्न गॅरेजापुरता आहे, असे समजून आपणही तो सोडून दिला आहे.

या नुकसानीची कारणे उघड आहेत. डिझेलमध्ये रॉकेल मिसळले, की त्याचा वंगणाचा गुण कमी होतो व पंप आणि नोझल झिजतात. पाणी मिसळले तर ते गंजतात. पेट्रोलमध्ये रॉकेल गेले, की इंजिन ठोके देऊ लागते आणि आत काजळी धरते. हे एका दिवसात दिसत नाही. म्हणूनच दोषी सुटतो.

भेसळीचे मूळ भावांतील अंतरात होते. ज्याला आपल्याकडे मातीचे तेल म्हणतात, ते रेशनचे रॉकेल गरिबाच्या चुलीसाठी आणि कंदिलासाठी स्वस्त दिले जाई. डिझेल महाग होते. या दोहोंमधील तफावत हाच काळ्या धंद्याचा नफा. म्हणजे गरिबाच्या घरातून रॉकेल पळवावयाचे आणि तेच दुसऱ्या कष्टकऱ्याच्या गाडीत ओतून तिचे इंजिन खराब करावयाचे!

या धंद्याचे हात कोठवर पोहोचले होते, हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी येथे भेसळीचा संशय आला. ते तेथे थांबले, आणि भरदिवसा त्यांना जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. त्याआधी, नोव्हेंबर २००५ मध्ये, उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांची याच कारणाने हत्या झाली होती. या दोघांनी आपले कर्तव्य केले. परंतु प्रामाणिक अधिकाऱ्याने एकट्याने झुंजावे आणि बाकीच्यांनी श्रद्धांजलीची सभा घ्यावी, एवढ्यावर समाजाची जबाबदारी संपते काय?

रेशनच्या रॉकेलावरील अनुदान आता उरलेले नाही, पण धोका टळला असे मानू नका. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ही भेसळ नव्हे; ते सरकारी धोरण आहे. मात्र इथेनॉल पाणी ओढून घेते. पंपाच्या भूमिगत टाकीत पावसाचे पाणी मर्यादेबाहेर झिरपले, तर पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात. तो थर गाडीत गेला, की गाडी जागीच थांबते. टाकी कोरडी राखणे हे पंपचालकाचे काम आहे, ग्राहकाचे नव्हे.

मग करावे काय? पावती घेतल्यावाचून पंप सोडू नये. पेट्रोलची फिल्टर पेपरवर चाचणी मागणे आणि घनतेचा आकडा पाहणे हा ग्राहकाचा हक्क आहे. चलनावरील घनतेपेक्षा तीन एककांहून अधिक फरक असता कामा नये. तथापि या चाचण्यांतून प्रत्येक भेसळ सापडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. गाडी बंद पडल्यास पुनःपुन्हा सुरू करू नये. टाकीतील तेल साक्षीदारांदेखत दोन स्वच्छ डब्यांत काढून मोहोरबंद करावे, मिस्त्रीकडून लेखी अभिप्राय घ्यावा, पंपाच्या तक्रारवहीत नोंद करावी आणि पुरवठा अधिकाऱ्यांना लेखी कळवावे.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ‘तुझी गाडी धंद्याची, तू ग्राहक नव्हेस’ असे ऑटोवाल्याला सांगितले जाईल. त्याला भुलू नये. स्वयंरोजगाराने केवळ पोट भरण्यासाठी वाहन चालविणारा कायद्याने ग्राहकच आहे.

साथींनो, हे सारे एकट्या माणसाला जमणारे नाही. त्याचा दिवस बुडतो, आणि साक्षीदार मिळत नाहीत. म्हणून प्रत्येक ऑटो थांब्यावर आणि बाजाराच्या गावी आपला एक कार्यकर्ता हे काम अंगावर घेणारा हवा. एकाच पंपाविरुद्ध एकाच आठवड्यात दहा नोंदी झाल्या, तर तपासणी टाळणे कोणालाही अवघड जाईल. सोनवणे त्या दिवशी थांबले, कारण भेसळ पाहून पुढे जाणे त्यांना जमले नाही. आपणही पुढे जाता कामा नये.