आधी सुई, मग वीज



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंतचे विषय येतात. तेव्हा ग्रामोफोनच्या सुईविषयी तासभर बोलू म्हणणारा मनुष्य पाहून आपल्याला थोडे नवल वाटले असेल. पण विषय दिसतो तितका लहान नाही.

1977 साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अंतराळात सोडली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे आणि तिच्यात आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ही तबकडी कधी काळी कुणाच्या हाती लागलीच, तर ती त्याला ऐकता यावी म्हणून पाठवणारांनी दोन तजविजी केल्या. एक, तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुई ठेवली. दुसरी, वेष्टनावर आकृती काढून तबकडीचा एक फेरा 3.6 सेकंदांत पुरा व्हावा असे सांगितले. आणि सेकंद म्हणजे काय हे परक्याला कळावे म्हणून हायड्रोजनच्या अणूतील एका ठराविक कालावधीचे माप दिले. योग्य सुई आणि खरी गती, या दोन गोष्टी असल्या तर केसरबाई गातील. नसल्या तर ती नुसती धातूची चकती आहे.

आपल्या घरच्या टर्नटेबललाही याच दोन गोष्टी लागतात. सुईचा प्रश्न म्हणजे कार्ट्रिजची निवड, आणि गतीचा प्रश्न म्हणजे मोटर व तिचा वीजपुरवठा. हौशी माणसाच्या खिशात पैसे मोजकेच असतात. ते आधी कशावर खर्च करावेत, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी मोटरसाठी वीजपुरवठ्याची एक महागडी पेटी घेतली आणि त्या आनंदात वडिलांनी घेतलेली एक आवडती तबकडी वारंवार वाजवली. सुई किती तास चालली आहे, याचा हिशेब मी ठेवला नव्हता. तारसप्तकात आवाज फाटल्यासारखा येऊ लागला. नवी सुई बसवली. इतर तबकड्या स्वच्छ वाजू लागल्या, पण त्या तबकडीतला आवाज फाटलेला तो फाटलेलाच राहिला. झिजलेल्या सुईने खोबणीची भिंत कोरून काढली होती. पेटी आजही उत्तम चालते. तो स्वर मात्र गेला.

असे का होते? सुईवर वजन असते अवघे दीडदोन ग्रॅम. पण ती टेकते ती जागा केसाच्या जाडीहून कितीतरी लहान असते. त्यामुळे त्या बिंदूवरचा दाब प्रचंड असतो. हिऱ्याचे टोक गुळगुळीत असेल तोवर खोबण तो सोसते. टोक झिजून त्याला कडा आल्या की त्याची छिन्नी होते. साधारणपणे सुई 500 ते 1000 तास टिकते. रोज एक तास ऐकणाऱ्याने दोन वर्षांनी ती तपासून घ्यावी.

वजनाबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. वजन जितके कमी तितकी तबकडी सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते. खरे पाहता सुई हलकी पडली की ती खोबणीत ठरत नाही; भिंतींवर आदळत जाते आणि अधिक नुकसान करते. कार्ट्रिज बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेतच, मधोमध किंवा किंचित वरच्या बाजूला वजन ठेवावे आणि ते मोजायला एक छोटा काटा घ्यावा. साऱ्या सुधारणांत सर्वांत स्वस्त अशी ही सुधारणा आहे.

आता निवडीकडे वळू. कार्ट्रिजचे मुख्य प्रकार दोन. एकात लोहचुंबक हलतो. त्यातून 3 ते 5 मिलिव्होल्ट इतका संकेत मिळतो आणि सुई झिजली तर बहुधा तेवढीच काढून नवी बसवता येते. दुसऱ्यात तारेचे वेटोळे हलते. संकेत बहुतेक अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहूनही कमी, म्हणून अधिक वर्धन करणारा अँप्लिफायर लागतो, आणि सुई गेली की बहुधा सबंध कार्ट्रिजच बदलावे लागते. दुसऱ्याची थोरवी मी नाकारीत नाही. पण वेळच्या वेळी बदललेली साधी सुई ही जपून जपून झिजवलेल्या महागड्या सुईपेक्षा केव्हाही चांगली.

कार्ट्रिज आणि त्याला धरणारा हात यांचे गोत्रही जुळावे लागते. हाताचे परिणामी वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज करा. तिला कार्ट्रिजच्या लवचिकपणाच्या आकड्याने गुणा. गुणाकाराचे वर्गमूळ काढा आणि 159 ला त्याने भागा. उत्तर 8 ते 12 हर्ट्झ यावे. 11 ग्रॅमचा हात, साडेसात ग्रॅमचे कार्ट्रिज व स्क्रू, आणि लवचिकपणा 12 असेल तर उत्तर 10.7 येते, विवाह उत्तम. तोच लवचिकपणा 25 असेल तर 7.4 येते, मग वाकड्या तबकडीवर हात डोलू लागतो.

सुईच्या टोकाचा आकार आपल्या संगीताला विशेष महत्त्वाचा आहे. 33⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर सरकते, तर आतल्या टोकाला अवघी 21. तेच बारकावे तेथे निम्म्याहून कमी जागेत दाटीने बसतात. आणि आपल्या मैफलीचा क्रम कसा? विलंबित आधी, द्रुत आणि तराणा शेवटी. म्हणजे तानांची बरसात नेमकी सर्वांत अरुंद गल्लीत होते! गोल टोकाची सुई तेथे अडखळते. लंबगोल किंवा त्याहून बारीक धारेची सुई अधिक वाचू शकते. मात्र ती काटेकोर कोनात बसवली पाहिजे.

जुन्या 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना वेगळीच सुई हवी. एलपीच्या गोल सुईचे टोक 15 ते 18 मायक्रॉन त्रिज्येचे असते, 78 च्या सुईचे 65 ते 75. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांच्या तबकडीवर एलपीची सुई ठेवली तर ती खोबणीच्या तळाशी धूळ उकरीत बसते. उलट, 78 ची सुई एलपीवर ठेवणे म्हणजे शेवयांच्या साच्यात मुसळ घालणे.

आता विजेकडे येतो. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो येथे 1973 साली लिन कंपनी निघाली. तिच्या एलपी 12 या प्रसिद्ध टर्नटेबलची मोटर आरंभी घरच्या विजेवरच चाले. 1982 साली 'वल्हाला' नावाचे मंडल आले. त्यात क्वार्ट्झचा स्फटिक स्वतःचे 50 हर्ट्झ घडवून मोटरला देई. 1990 साली 'लिंगो' ही स्वतंत्र पेटी आली. वीजपुरवठा सुधारण्याची हौस अशा यंत्रांनी वाढवली.

त्यात तथ्य किती? एलपी 12 सारखी सिंक्रोनस मोटर विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असते, दाबाशी नव्हे. म्हणून व्होल्टेज स्टॅबिलायझर घेऊन तिची गती सुधारत नाही. राष्ट्रीय ग्रिडला ठरवून दिलेला पट्टा 49.90 ते 50.05 हर्ट्झ आहे. 49.90 म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी फरक. कोमल आणि शुद्ध स्वरांत जवळजवळ 6 टक्के अंतर असते. त्याचा हा तिसावा हिस्सा. उलट तबकडीचे भोक अर्धा मिलिमीटर जरी बाजूला पडले असेल, तरी मध्यापासून 10 सेंटिमीटरवर स्वर अर्धा टक्का वर आणि अर्धा टक्का खाली झुलतो, तेही दर 1.8 सेकंदांनी. तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर ते चटकन कळते. त्यावर जगातल्या कोणत्याही पेटीचा इलाज नाही.

मग पेटी व्यर्थ का? नाही. तिचा खरा लाभ असा की, मोटरच्या दोन वेटोळ्यांना नेमक्या अंतराने स्वच्छ लहर मिळते, मोटरची थरथर कमी होते आणि शांत जागी शांतता ऐकू येते. जेथे वीज वारंवार जाते आणि साधा इन्व्हर्टर वापरावा लागतो, तेथे तिचे मोल आणखी वाढते. इन्व्हर्टर 50 ऐवजी 51 हर्ट्झ देत असेल तर गाणे दोन टक्के चढते, म्हणजे कोमल-शुद्धातले तिसरा हिस्सा अंतर. ते हार्मोनियमशी जुळणार नाही.

पण ज्या टर्नटेबलची मोटर थेट थाळी फिरवते आणि क्वार्ट्झने बांधलेली असते, तिला अशा पेटीची गरज नाही. डीसी मोटर असेल तर स्थिर डीसी पुरवठा आणि गतीचे चांगले नियंत्रण पाहावे. मोटर कोणती हे न विचारता पेटी घेणे म्हणजे नाडी न पाहता औषध घेणे होय. आणि पेटी घरी उघडू नये; आत 230 व्होल्ट असतात.

गती तपासण्याचीही एक मौज आहे. 180 रेघांची चकती 50 हर्ट्झच्या विजेवर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली 33⅓ वर फिरवली की रेघा स्थिर दिसतात. पण दिवा आणि सिंक्रोनस मोटर एकाच विजेवर असतील, तर वारंवारता ढळली तरी रेघा स्थिरच दिसणार! आरोपी आणि साक्षीदार एकाच घरचे. म्हणून वेगळा साक्षीदार घ्यावा. नुसती फेऱ्यांची गणती केली तरी चालेल: 100 फेरे बरोबर 180 सेकंदांत झाले पाहिजेत.

तेव्हा श्रोतेहो, क्रम असा ठेवा. आधी सुईचे वय, वजन आणि कोन. मग हाताशी जुळणारे कार्ट्रिज. मग मोटरचा प्रकार पाहून, गरज पटली तर, पेटी. कारण सरळ आहे. चुकलेली गती उद्या दुरुस्त करता येते. तबकडीवर तिची खूण राहात नाही. चुकलेल्या सुईची खूण मात्र कायमची राहते. आपल्या कपाटातल्या कित्येक तबकड्या पुन्हा निघणार नाहीत, आणि त्यांत गाणारे तर परत येणारच नाहीत. आज घरी गेल्यावर तबकडी लावण्यापूर्वी सुई एकदा भिंगाखाली पाहा, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.