भीमेवरील पहिली फेरी



पावसाळा सरतो, भीमेचे गढूळ पाणी निवळू लागते आणि सोलापूर जिल्ह्याच्या नदीकाठी नावांची हालचाल पुन्हा वाढते. पंढरपुरात कार्तिकी यात्रेच्या सुमारास विष्णुपदाकडे जाणाऱ्या होड्यांत यात्रेकरूंची गर्दी होते. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांची जाळी पडतात. नौकाक्रीडेची आवड असणाऱ्यांनी कयाक पाण्यात घालण्याचा काळही हाच. हंगामातील ही पहिली फेरी आनंदाची खरी; परंतु चार महिन्यांच्या खंडानंतरची असल्याने तीच सर्वांत अधिक सावधगिरीची होय.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांची नाव. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती शिकारीसाठी बनवीत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून अशा नावांच्या शर्यतींना क्रीडाप्रकाराचे स्थान मिळाले. नाविक पाय पुढे पसरून बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे डाव्या-उजव्या बाजूंस आळीपाळीने मारतो. होडीहून ही नाव चपळ. पण तोल सांभाळावयास कठीण.

भीमेचे पाणी आज केवळ पावसाच्या मर्जीने वाहत नाही. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा जलसाठा सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. धरणातून सोडलेले पाणी आणि वीर धरणातून नीरेमार्गे येणारे पाणी नीरा नरसिंहपूरच्या संगमाखाली एकत्र होते व पुढे पंढरपुरास पोहोचते. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. दहा हजार क्यूसेकचा विसर्ग म्हणजे दर सेकंदाला पावणेतीन लाख लिटरांहून अधिक! पंढरपुरावर आकाश निरभ्र असले तरी नदी चढू शकते ती यामुळेच. म्हणून विसर्गाची चौकशी हे पहिल्या फेरीचे पहिले काम.

दुसरे काम साधनांच्या तपासणीचे. पावसाळाभर पडवीत पडून राहिलेल्या नावेस चीर गेली आहे काय, वल्ह्याचा सांधा ढिला झाला आहे काय, हे पाहावे. जीवरक्षक जाकिटाचे पट्टे ओढून पाहावेत आणि ते घालून उथळ पाण्यात तरंगून खात्री करावी. पहिल्या दिवशी काठालगतच राहावे. नाव उलटल्यास तिला धरून कसे राहावयाचे, याचा सराव कमरेइतक्या पाण्यात करावा. काठावरील गाळात पाय रुतण्याचा संभव असतो, म्हणून उतरण्याची जागा आधी पाहून ठेवावी. एकट्याने जाऊ नये आणि परतण्याची वेळ घरी सांगितल्याखेरीज निघू नये.

जलाशयाची गोष्ट आणखी निराळी. पाणी फार उतरले म्हणजे पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. यावरून पृष्ठभागाखाली काय काय दडलेले असू शकते, याची कल्पना यावी. शिवाय विस्तीर्ण पाण्यावर वाऱ्यास अडसर नसतो. तो जितक्या लांबून येतो तितक्या लाटा उंच होतात. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. ते हौसेने निघालेले नव्हते. पैलतीर गाठावयास निघाले होते. पाणी मात्र हौशी आणि गरजू असा भेद करीत नाही.

हे लक्षात घेता नदीकाठच्या ग्रामपंचायतींवर मोठी जबाबदारी येते. विसर्गाची सूचना घाटावरील फलकावर लिहिणे, घाटावर दोर व जाकिटे ठेवणे, वारा सुटताच नावा थांबविणे, या गोष्टींस फार मोठा खर्च लागत नाही. शिक्षकांनी मुलांना पोहण्याबरोबरच पाण्याचा अंदाज घेण्यास शिकवावे. गावातील जुन्या नावाड्यांना शाळेत बोलवावे. कोठे डोह आहे आणि कोठे ओढ आहे, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

नदीपासून तरुणांना दूर ठेवणे हा उपाय नव्हे. तिची ओळख करून घेऊन तिच्यावर उतरणे, हाच उपाय. पहिल्या फेरीचे यश किती अंतर कापले यात नाही. सारे जण दिवस मावळण्यापूर्वी काठावर परतले, यात आहे.