पिंपाजवळचा माणूस

आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात शेवटच्या दिवशी जेवण असतं. पाच-सहाशे पानं उठतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या उत्साहानं मांडवाच्या कडेला दोन पिंपं ठेवली. एक हिरवं, एक निळं. वर पाट्या लावल्या, ‘ओला कचरा’ आणि ‘सुका कचरा’. अक्षरं मीच काढलेली, तेव्हा त्यांचं मला थोडं कौतुकही होतं. संध्याकाळी पाहतो तो दोन्ही पिंपांत सारखाच काला! पुऱ्या, आमटी, पत्रावळी, कागदी पेले, बाटल्या, सारं एकत्र. माणसं शिकलेली, पाट्या मराठीत, रंग निराळे. मग चुकलं कुठं?

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा नेणाऱ्या बाई ती पिंपं जमिनीवर ओतून हातानं निवडीत बसल्या होत्या. फुटक्या पेल्याची काच त्यांच्या बोटात गेली. चिंधी गुंडाळून त्या पुन्हा निवडू लागल्या. मी जवळ गेलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, “सर, टाकणारा आपल्यापुरतं टाकून जातो. मला सगळ्यांचं निवडावं लागतं.”

श्रोतेहो, सगळं मर्म या वाक्यात आहे. जेवून उठताना उरलेलं अन्न एकीकडे आणि बाटली दुसरीकडे टाकणं हे क्षणाचं काम. तेच एकदा मिसळलं की तासांचं होतं, आणि ते दुसऱ्याच्या हातांनी होतं. शिवाय आमटीत भिजलेला कागद रद्दीवाला घेत नाही, आणि प्लॅस्टिकचे तुकडे मिसळलेलं खत कोणता शेतकरी आपल्या वावरात घालील?

पुण्यात १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायकांत काम करू लागल्या. उकिरडा उपसण्यापेक्षा कचरा मुळातच निराळा करून हाती मिळावा, हा त्या कामातला एक मोठा प्रश्न होता. त्यातूनच पुढं १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी तर शंभरांहून अधिक माणसं जमणाऱ्या समारंभांच्या आयोजकांवरही कचरा निराळा करून देण्याची जबाबदारी टाकली. पण नियम कागदावर राहतो आणि पाटी पिंपावर. तिथं माणूस उभा पाहिजे.

म्हणून पुढच्या संमेलनात पिंपांपाशी स्वयंसेवक ठेवायचं ठरलं. यादी करताना एका गुणी मुलाचं नाव मी त्याला न विचारताच घातलं. तो संध्याकाळी माझ्याकडे आला आणि खाली मान घालून म्हणाला, “सर, माझे वडील झाडूकाम करतात. ह्यातनं बाहेर पडायला मी शिकतोय. मला दुसरं कायपण काम द्या.”

मी ओशाळलो. ज्या घरावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादलं गेलं, त्या घरच्या मुलाला मी सेवेचा धडा देणार होतो! धड्याची गरज मला होती. ती यादी मी फाडली. नव्या यादीत पहिलं नाव माझं, दुसरं प्राचार्यांचं. मग मुलं-मुली आपण होऊन आली. त्या मुलानं त्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून निवेदन केलं, आणि सुरेख केलं.

या खेपेस पिंपं शेजारी शेजारी ठेवली, कारण एकटं पिंप दिसलं की लोक सारं त्यातच टाकतात. नुसत्या पाटीवर न विसंबता एका पिंपावर पत्रावळ टांगली, दुसऱ्यावर रिकामी बाटली. काचेसाठी खोकं निराळं. कागदी पेल्याला आतून प्लॅस्टिकचं पातळ अस्तर असतं, म्हणून तो ओल्यात टाकायचा नाही, हे मलाही तेव्हाच कळलं. आणि एक नियम केला: कुणाच्या हातातलं पान घ्यायचं नाही, फक्त जागा दाखवायची. आपण घेऊन निवडलं तर उष्टी काढणारा एक माणूस वाढला, एवढंच. टाकणाऱ्याची सवय तीच राहते.

“सर, तुम्ही इथं?” असं म्हणत पहिली पंगत बिचकली. दुसऱ्या पंगतीला मुलंच एकमेकांना सांगू लागली. सगळं काही बिनचूक झालं नाही. ओल्यात चार-दोन चमचे सापडलेच. पण दुसऱ्या दिवशी बाईंना पिंप जमिनीवर ओतावं लागलं नाही.

ऐकणाऱ्यांत शिक्षक असतील, गावची कारभारी मंडळी असतील. तुमच्याकडे जत्रा आहे, सप्ताह आहे, लग्नाची पंगत आहे, शाळेचं संमेलन आहे. गाडगेमहाराज रात्री कीर्तनात स्वच्छता सांगत, पण त्याआधी दिवसा स्वतः खराटा घेऊन गाव झाडीत. तो क्रम आपण उलटा करू नये. पुढच्या पंगतीला दोन पिंपं आणि एक खोकं ठेवा, आणि पहिला तासभर त्यांच्यापाशी गुरुजींनी किंवा सरपंचांनी स्वतः उभं राहावं.