कंबरदुखी, खेडे आणि दूरवैद्यक



१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा प्रामुख्याने सोयाबीन व तुरीचा. निंदण असो वा सोंगणी, मजुरी कंबरेत वाकूनच होते आणि तिचा मोठा भार स्त्रियांवर असतो. म्हणून येथील कंबरदुखी केवळ वार्धक्याची नाही, कष्टाचीही आहे.

तीन महिन्यांहून अधिक टिकणारे दुखणे जुनाट मानले जाते. बहुतेक रुग्णांत त्यामागे विशिष्ट आजार सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत रुग्णशिक्षण व व्यायाम यांची शिफारस आहे. कमरपट्टा व ट्रॅक्शन यांचा सरसकट वापर मात्र नको, असे म्हटले आहे.

याचा अर्थ, या व्याधीत एकदाच्या तपासणीइतकेच पुढील सातत्य मोलाचे. खेड्यात नेमके तेच तुटते. दहा मिनिटांच्या फेरतपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे पडते. मग दुसरी खेप होतच नाही. उरते ती दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी. ती दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना अपाय होऊ शकतो.

येथे दूरवैद्यक उपयोगी पडते. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने त्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. शासनाच्या ‘ई-संजीवनी’ सेवेत उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाची दूरच्या डॉक्टरांशी भेट घडवितात. व्यायाम बरोबर होतो की नाही, हे पडद्यावर पाहून सुधारता येते.

मर्यादाही स्पष्ट असाव्यात. पडदा नाडी पाहत नाही, पायातील शक्ती जोखत नाही. लघवी-शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरता, पाय लुळा पडणे, ताप, अकारण वजन घटणे किंवा पडल्यानंतरची तीव्र वेदना यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न करता रुग्णालयच गाठावे.

आपल्या परंपरेत औषधदान हे चार दानांपैकी एक. आज ते केवळ औषधाच्या पुडीपुरते राहू नये. गावात एक स्वच्छ खोली, एक सतरंजी, चालू इंटरनेट आणि वृद्धेच्या हाती मोबाईल धरून देणारी एक प्रशिक्षित भगिनी, एवढी व्यवस्था समाजाने केली, तरी कुणा मजूर मातेचा उपचार अर्ध्यावर सुटणार नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षाचा संकल्प म्हणून एवढे पुरेसे आहे.