नगरपरिषदेचे अंदाजपत्रक आणि गावची बाग

(नगरपरिषदा व नगरपंचायतींचे सदस्य, अधिकारी आणि शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



नगरपरिषदेच्या कारभारात फेब्रुवारी महिन्याला वेगळे महत्त्व आहे. येत्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी विशेष सर्वसाधारण सभा बहुधा याच सुमारास बोलाविली जाते. सभेपुढे येणारे बाड जाड असते, त्यातील आकडे बारीक असतात आणि वेळ थोडा असतो. पाणीपुरवठा, रस्ते, गटारे व दिवाबत्ती यांवर चर्चा रंगते, आणि ती रंगणे योग्यच आहे. ‘उद्याने व बागबगीचे’ हे लेखाशीर्ष यावयाचे ते शेवटच्या पानांवर. तोपर्यंत सभागृहात चहा आलेला असतो आणि ‘मंजूर, मंजूर’ असा एकच स्वर उमटतो. ते शीर्ष उघडून पाहावे, एवढ्याचसाठी हे विवेचन आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्यापूर्वी अनेक ठिकाणी काही वर्षे प्रशासकांकडेच कारभार होता. साहजिकच, पुष्कळ सदस्य अंदाजपत्रकाचे बाड प्रथमच हाती घेत आहेत. शिवाय २०१४-१५ च्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणच्या कित्येक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. तेथील मंडळींना ग्रामपंचायतीचा जमाखर्च ठाऊक आहे. परंतु बागेसाठी माळी नेमावयाचा तर तो कोणत्या शीर्षाखाली, हा प्रश्न नवाच आहे.

प्रथम कायद्यातील स्थान पाहू. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ यात नगरपरिषदेची कर्तव्ये दोन प्रकारची सांगितली आहेत. काही आवश्यक, तर काही स्वेच्छाधीन. पाणी, सफाई, दिवाबत्ती ही पहिल्या प्रकारात येतात. सार्वजनिक बागा व उद्याने दुसऱ्या प्रकारात मोडतात. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची घटनेत आली. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अंमलात आली. अनुसूचीतील १८ विषयांपैकी बारावा विषय उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधांचा आहे. घटनेने विषय सोपविला खरा, पण पैसा कमी पडला की कात्री प्रथम लागते ती स्वेच्छाधीन खर्चाला. बागेच्या दुखण्याचे मूळ येथे आहे.

या संदर्भात महात्मा जोतीराव फुले यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या पुणे भेटीसाठी शहर शृंगारण्यावर एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. बागेवरील खर्चालाही हीच कसोटी लावता येते. प्रवेशद्वाराची कमान, रंगीत कारंजे आणि नामफलक यांवर जाणारा पैसा हा बव्हंशी पाहुण्यांसाठीचा शृंगार असतो. ज्यांच्या घराला अंगण नाही, दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, ज्या वृद्धांना सायंकाळी बसावयास कट्टा नाही आणि ज्या मुलांना रस्त्यावर चेंडू खेळावा लागतो, त्यांच्यासाठी बाग ही चैन नव्हे. एकाच लेखाशीर्षात शृंगार आणि गरज एकत्र नांदत असतात. त्यांना वेगळे करणे हे सदस्याचे काम होय.

आता आकड्यांकडे वळू. अंदाजपत्रकाचे महसुली व भांडवली असे दोन भाग असतात. नवी बाग बांधणे हा भांडवली खर्च. त्यासाठी शासनाच्या योजना असतात, आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी असतो, क्वचित एखादा दाताही पुढे येतो. बाग जगविणे हा मात्र महसुली खर्च आहे आणि तो नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे मुख्यतः मालमत्ता कराच्या वसुलीतून करावयाचा असतो. नगरपरिषद क्षेत्रातील जकात १९९९ मध्ये रद्द झाली. त्यानंतर शासनाकडून सहायक अनुदान मिळू लागले. त्याचा मोठा भाग वेतनात जातो.

समजा, २५ लाख रुपये खर्चून एक एकराची बाग केली. एक माळी, एक पहारेकरी, वीज, पाणी, खत आणि किरकोळ दुरुस्ती मिळून वर्षाला पाच लाख रुपये लागले, असे धरू. म्हणजे पाच वर्षांत आणखी एका बागेइतका पैसा लागला. बांधकामाचा ठराव ज्या दिवशी होतो, त्याच दिवशी हा दुसरा २५ लाखांचा ठरावही झालेला असतो. फक्त तो कोणी वाचून दाखवीत नाही. मग घडते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. पहिल्या वर्षी हिरवळ असते. दुसऱ्या वर्षी पाण्याची मोटार जळते. तिसऱ्या वर्षी झोपाळ्याची साखळी तुटते, घसरगुंडीचा पत्रा फाटतो आणि एखादे मूल जखमी झाल्यावर फाटकाला कुलूप लागते. चौथ्या वर्षी त्याच जागेच्या ‘सुशोभीकरणा’चा नवा प्रस्ताव सभेपुढे येतो. जुन्या बागेचे काय झाले, हे त्या प्रस्तावाच्या टिपणीत बहुधा लिहिलेले नसते.

यास अंदाजपत्रकाची एक जुनी सवयही कारणीभूत आहे. अंदाजपत्रक शिलकी दिसावे, असा सर्वांचाच आग्रह असतो. तेव्हा थकबाकीची वसुली वाढवून दाखविली जाते. प्रत्यक्षात ती तेवढी होत नाही, आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत पैसा आटतो. वेतन थांबविता येत नाही, वीजबिल थांबविता येत नाही. बागेचे रोजंदारी मजूर मात्र थांबविता येतात. म्हणून नव्या सदस्याने ‘तरतूद किती’ एवढेच विचारून थांबू नये. गेल्या तीन वर्षांत या शीर्षाखाली प्रत्यक्ष खर्च किती झाला, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. तो आकडा लेखापालाकडे तयार असतो. तरतूद आणि खर्च यांतील अंतर पाहिले की बागेची स्थिती जागेवर न जाताही कळते.

पाण्याचा हिशेब तर आणखी निराळा आहे. एका एकरात सुमारे ४,००० चौरस मीटर जागा येते. तिच्यापैकी निम्म्या भागावर हिरवळ लाविली आणि उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज पाच लिटर पाणी धरले, तर रोज १०,००० लिटर पाणी लागेल. दरडोई १३५ लिटर या नागरी मानाने ते चौऱ्याहत्तर माणसांचे पाणी झाले. जेथे नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येते, अशा शहरात ती हिरवळ लोकांच्या डोळ्यांवर आली तर नवल नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे अजून विस्मरणात गेलेले नाही. कडुलिंब, करंज, वड, बहावा किंवा आपले राज्यपुष्प देणारा ताम्हण ही झाडे दोन-तीन वर्षे सांभाळली की पुढे फारसे मागत नाहीत. त्यांच्या सावलीत मातीचा पायरस्ता आणि दगडी कट्टे असले, तर दुपारीही माणसे बसतात. हिरवळीवर दुपारी कोणीच बसत नाही; उलट तेथे ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी असते!

पाण्याच्या प्रश्नाला निधीच्या बाजूनेही एक वाट आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात दहा लाखांखालील लोकसंख्येच्या शहरांना मिळालेल्या अनुदानापैकी ६० टक्के भाग बंधित होता. त्यातील निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संचय व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, तर निम्मा स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापनासाठी होता. म्हणजे बंधित निधीतून बागेचे बाकडे घेता येत नव्हते. परंतु सांडपाणी शुद्ध करून ते पुन्हा वापरात आणण्याचे काम त्या चौकटीत बसत होते, आणि असे पाणी झाडांना चालते. सोळाव्या वित्त आयोगाचा कालखंड १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्या अनुदानाच्या अटी वाचताना हीच दृष्टी ठेवावी. २०१५ ची अमृत योजना मुख्यतः एक लाखावरील शहरांपुरती होती आणि तिच्यातही उद्याने व हरित जागांवरील खर्चाला अडीच टक्क्यांची मर्यादा होती. लहान शहरांच्या वाट्याला तीतून फारसे काही येणार नव्हते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या तिच्या दुसऱ्या टप्प्याने मात्र लहान शहरांनाही कवेत घेतले.

पैशाची अडचण असूनही काही लहान नगरपरिषदांनी वाट काढली, हे नमूद करावयास हवे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला नगरपरिषदेने कचरा घरोघरी वेगळा करून घेतला आणि जेथे पूर्वी दुर्गंधीमुळे उभे राहवत नसे, त्या कचरा डेपोच्या जागेला लोक पाहावयास येतील असे उद्यानासारखे रूप दिले. स्वच्छ सर्वेक्षण २०२० मध्ये एक लाखाहून कमी लोकवस्तीच्या शहरांत कराड, सासवड व लोणावळा यांनी देशात पहिले तीन क्रमांक मिळविले. बागेशी याचा संबंध सरळ आहे. ओल्या कचऱ्याचे खत गावातच तयार झाले, तर बागेच्या खतासाठी वेगळी निविदा काढावी लागत नाही. सफाई आणि उद्यान ही दोन शीर्षे कागदावर वेगळी असली तरी जमिनीवर एकमेकांना लागून आहेत.

आतापर्यंतचे विवेचन असलेल्या बागांविषयी झाले. ज्या बागा अजून झालेल्या नाहीत, त्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तेथे चूक झाली तर ती पुन्हा दुरुस्त करता येत नाही. शहराच्या विकास योजनेत बागेसाठी, खेळाच्या मैदानासाठी जागा आरक्षित केलेल्या असतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार, अंतिम विकास योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत ती जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरच्या मुदतीतही संपादन झाले नाही किंवा त्या दिशेने पाऊल पडले नाही, तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती, नंतर एक वर्षाची झाली आणि २०१५ च्या सुधारणेने ती २४ महिन्यांची करण्यात आली. नुसता ठराव करून प्रस्ताव पाठविणे पुरेसे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे.

यात मालकाचा दोष नाही. दहा वर्षे त्याची जमीन अडकून राहिलेली असते. त्याला मोबदला किंवा मोकळीक मिळणे न्याय्यच आहे. प्रश्न असा की नगरपरिषदेने त्या दहा वर्षांत काय केले. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागातही बाजारभावाच्या सुमारे दुप्पट मोबदला द्यावा लागतो. एवढी रक्कम लहान नगरपरिषदेला एका वर्षात उभी करता येणे कठीण आहे. हस्तांतरणीय विकास हक्क देण्याचा पर्याय आहे; पण जेथे उंच इमारतींना मागणी नाही, अशा ‘क’ वर्ग शहरात त्या हक्कांना गिऱ्हाईक मिळत नाही. तेव्हा दर वर्षी थोडी थोडी रक्कम भूसंपादनासाठी वेगळी ठेवणे, आणि सर्व आरक्षणांऐवजी सर्वांत दाट वस्तीजवळचे एक प्रथम निवडणे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. एकाच वेळी दहा आरक्षणांसाठी टोकन तरतूद करणे म्हणजे दहाही सोडून देण्यासारखे आहे.

जेथे जमीन विकत घ्यावयाची नाही, तेथेही लक्ष हवे. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या भूखंडाचा अभिन्यास करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. वसाहतीतील या जागा पुढे कोणाच्याच नसल्यासारख्या होतात. तेथे प्रथम बांधकामाची वाळू येऊन पडते, मग एखादी टपरी येते आणि यथावकाश पक्के बांधकाम होते. अशा जागांची नोंदवही नगरपरिषदेत असावी. सार्वजनिक बागेच्या जागेचे महत्त्व न्यायालयांनीही ओळखले आहे. बंगळूरमध्ये बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयास देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मान्य केला नाही. रुग्णालयासारखे चांगले कारण असूनही मान्य केला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

शिक्षक बंधु-भगिनींना येथे एक काम सहज करता येईल. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी एक आठवडाभर सायंकाळी बागेत बसून कोण येते, किती वेळ थांबते, याची नोंद केली, तर गणिताचा व नागरिकशास्त्राचा पाठ एकत्रच होईल. स्त्रिया अंधार पडण्यापूर्वीच का निघून जातात, चाकाच्या खुर्चीवरील माणूस फाटकातून आत येऊ शकतो का, हे त्या नोंदीतून समोर येईल. दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवण्याचे शासनाचे आदेश आहेत. फाटकाजवळचा एक उतार त्यातून होऊ शकतो. स्वच्छतागृह व दोन दिवे यांचा खर्च कारंज्याहून निश्चितच कमी येतो.

हे सर्व फेब्रुवारीतल्या एका सभेत होणारे नाही. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात नगर अभियंता आणि प्रभागाच्या सदस्यांनी प्रत्येक बागेची व आरक्षित जागेची पाहणी करावी. डिसेंबरपर्यंत दुरुस्तीचे अंदाज दरसूचीप्रमाणे तयार व्हावेत. नव्या बागेच्या प्रत्येक प्रस्तावासोबत पुढील पाच वर्षांच्या देखभालीचा आकडा आणि तो कोणत्या शीर्षातून भागणार, हे एका वेगळ्या कागदावर मुख्याधिकाऱ्यांनी जोडावे. तसेच विकास योजना मंजूर झाल्याची तारीख, दहा वर्षे पूर्ण होण्याची तारीख आणि आलेल्या नोटिशी यांचा तक्ता अंदाजपत्रकाच्या प्रतीला लावावा. तक्त्याला जेमतेम एक पान लागेल, आणि ते बाडाच्या शेवटी न लावता सुरुवातीस लावणे बरे.